मोतीचा पंजा

फरशीवर टकटक असा आवाज येऊ लागला की समजावं, कुत्र्याची नखं वाढली. रस्त्यावरचं कुत्रं दिवसभर डांबरावर, दगडगोट्यांवर हिंडतं. त्याची नखं आपोआप झिजतात. आमचा मोती गुळगुळीत फरशीवर लोळत असतो. नखं वाढून जमिनीला टेकू लागली की बोटांवर ताण येतो, चाल बिघडते. पंजाच्या आतल्या बाजूचं, अंगठ्यासारखं नख तर जमिनीला लागतच नाही. लक्ष दिलं नाही तर ते वळून कातडीत रुततं.

मोतीचं पहिलं नख मी आमच्याच नेलकटरनं कापलं, तेही घाईत. रक्त आलं. तो असा केकाटला, की नंतर चार महिने त्यानं मला उजवा पंजा दिला नाही. आम्हा कवींना ओळ खोडून पुन्हा लिहायची सवय. इथं कापलेलं परत जोडता येत नाही.

नखाच्या आत जिवंत गाभा असतो. त्यात रक्तवाहिनी असते आणि मज्जातंतूही. पांढऱ्या नखात हा गाभा गुलाबी दिसतो. त्याच्या दोन मिलिमीटर अलीकडेच थांबावं. काळ्या नखात मात्र बाहेरून काही कळत नाही. तिथं अगदी पातळ काप घ्यावा आणि दरवेळी कापलेली बाजू उजेडात पाहावी. आधी ती कोरडी, खडूसारखी दिसते. मधोमध काळसर ठिपका दिसला, की हात आवरावा. फार वाढलेली नखं एका दिवसात आखूड करू नयेत, कारण आतला गाभाही लांबलेला असतो. आठवड्या-दोन आठवड्यांनी नुसतं टोक काढत गेलं, की तो हळूहळू मागे सरतो.

कात्री कुत्र्यांसाठीचीच, धारदार घ्यावी. बोथट कात्रीनं नख चिरडतं. पहिले काही दिवस तर कापूच नये. पंजा हातात घ्यावा, बोटं चोळावीत, चपातीचा तुकडा द्यावा, सोडून द्यावं. मग एक नख.

एवढं करूनही रक्त आलंच, तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर लावून पाच मिनिटं दाबून धरावं. सारखं उचलून पाहू नये. चुना लावू नका, भाजतो. रक्त थांबलंच नाही, तर जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावं.

मोती आता पंजा देतो. पण उजवा हातात घेतला, की आधी माझ्या तोंडाकडे बघतो. त्या दिवशी मी एकच नख कापतो.