वाख आणि प्लास्टिक यांची दिलजमाई

मोटारीच्या दाराच्या आतल्या आवरणात ताग, जवसाचे धागे किंवा घायपाताचा वाख असू शकतो. प्लास्टिकमध्ये असे धागे मिसळले की हलका, ताठ पदार्थ मिळतो. मात्र ही जोडी जुळवायला रसायनशास्त्राची मदत लागते, आणि तिथेच गैरसमज फार आहेत.

गैरसमज: धागा मजबूत असला की प्लास्टिक आपोआप मजबूत होतं.

वस्तुस्थिती: धाग्यातल्या सेल्युलोजवर हायड्रॉक्सिल गट असतात. त्यांना पाण्याची ओढ, तर पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकला पाण्याचं वावडं. दोघं शेजारी बसतात, चिकटत नाहीत. ताण आला की धागा न तुटता उपसून येतो आणि त्याचं बळ वाया जातं. म्हणून मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन थोडं मिसळतात. त्यातलं अनहायड्राइड धाग्याशी बंध जुळवतं, तर लांब साखळी प्लास्टिकमध्ये गुंतते.

गैरसमज: धाग्यांना कॉस्टिक सोड्यात भिजवणं म्हणजे नुसती धुलाई. द्रावण जितकं कडक, तितकं चांगलं.

वस्तुस्थिती: इंग्लंडच्या जॉन मर्सर यांनी 1850 मध्ये सुती कापडावरच्या कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेचं पेटंट घेतलं. सौम्य द्रावणात मेण, हेमिसेल्युलोज आणि थोडं लिग्निन निघून जातं. धाग्यांचे जुडगे सुटतात, पृष्ठभाग खरखरीत होतो, रेझिनला पकड मिळते. द्रावण फार कडक झालं, तर खुद्द सेल्युलोजलाच इजा होते. शिवाय काथ्यात सुमारे 40 टक्के लिग्निन असतं, तागात 12 टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे एकाच मापाने दोघांना भिजवून चालत नाही.

गैरसमज: प्रक्रिया केलेल्या धाग्याला पाणी आणि उष्णता बाधत नाही.

वस्तुस्थिती: ॲसिटिलीकरणाने हायड्रॉक्सिल गटांच्या जागी ॲसिटिल गट बसतात, पाणी कमी शोषलं जातं, पूर्ण थांबत नाही. उष्णतेची मर्यादाही राहतेच. सुमारे 200 अंश सेल्सियसच्या पुढे सेल्युलोज बिघडू लागतं. पॉलिप्रॉपिलीन 165 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून ते सोयीचं. 260 अंशांजवळ वितळणारं नायलॉन 66 अवघड.

गैरसमज: धागा नैसर्गिक, म्हणजे वस्तू मातीत मिसळणार.

वस्तुस्थिती: धाग्याभोवतीचं पॉलिप्रॉपिलीन कुजत नाही. रेझिन वेगळं असलं, तरी अडचण उरतेच. पूर्व जर्मनीच्या ट्राबांट मोटारीचे बाहेरचे पत्रे कापसाचे टाकाऊ तंतू आणि फिनॉलिक रेझिन यांपासून बनत. 1957 ते 1991 या काळात अशा सुमारे 30 लाख गाड्या तयार झाल्या. ते पत्रे गंजत नसत; पण एकदा घट्ट झालेलं ते रेझिन पुन्हा वितळत नसल्याने भंगारात निघालेल्या गाड्यांच्या पत्र्यांचं करायचं काय, हा प्रश्न जर्मनीपुढे उभा राहिला.