पाण्याच्या मागोव्यानें पुण्याच्या पेठांतून

डोंगरकड्याहून पुण्यास जाणें आतां अवघड राहिलेलें नाहीं. नांदेडपर्यंत मोटार आणि तेथून आगगाडी. घरचे दोघे भाऊ नोकरीनिमित्त पुण्यास असतात, म्हणून गेल्या माघांत आत्याबाईंसह आम्ही सात माणसें त्यांच्याकडे गेलों. भावांनीं गाडी व वाटाड्या ठरविण्याचा बेत केला होता, पण आत्याबाई म्हणाल्या, "गाडींतून गांव दिसतें, कळत नाहीं." ऐंशी वर्षांच्या माणसानें असें म्हटल्यावर तरुणांनीं काय बोलावें? आम्ही नकाशा घेऊन पायींच निघालों.

काय पाहावें आणि काय सोडावें, हा पहिला प्रश्न. तो धाकट्या पुतणीनें सोडविला. नकाशांत काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, बाहुलीचा हौद, पंचहौद अशीं नांवें वाचून तिनें विचारलें, "पुण्याला इतके हौद कशाला?" तोच आमचा धागा झाला.

उत्तर कात्रजला आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या ओढ्यावर बांध घालून तेथील पाणी जमिनीखालच्या दगडी नळांतून शहरांत आणविलें. माणूस आंतून चालूं शकेल एवढा तो नळ. मध्यंतरीं उच्छ्वास ठेवलेले. यंत्र नाहीं, रहाट नाहीं. केवळ उताराच्या हिशेबानें पाणी कोसन् कोस चालत येई, गाळ वाटेंत बसे आणि निवळलेलें पाणी पेठोपेठींच्या हौदांत पडे. मुठेच्या कांठीं वसलेल्या गांवाला डोंगराचें पाणी घरापाशीं मिळालें आणि पेठा वाढल्या.

आरंभ शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापासून करावा. १० जानेवारी १७३० रोजीं वाड्याचा पाया घातला गेला व २२ जानेवारी १७३२ रोजीं वास्तुशांति झाली. १८२८ च्या आगींत आंतील मजले गेले. आज तट, दरवाजे व जोतीं उरलीं आहेत. सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचें हजारी कारंजें मात्र अवश्य पाहावें. कात्रजचें पाणी येथें शोभेसाठीं उडत असे. आज तें कोरडें आहे. मुलें त्याच्या पाकळ्या मोजीत राहिलीं.

जवळच कसबा गणपति आणि लालमहाल. गणपतीचें दर्शन घेऊन पुढें निघावें. लालमहालाची आजची इमारत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील. १६६३ मध्यें शाइस्तेखानाचीं बोटें तुटलीं तो वाडा हा नव्हे, हें मुलांस सांगून ठेवावें.

फडके हौद चौकाच्या आसपास विचारीत गेलें कीं बाहुलीचा हौद सांपडतो. डॉ. विश्राम रामजी घोले हे नामांकित शस्त्रवैद्य व जोतीराव फुल्यांचे स्नेही. आपली मुलगी काशीबाई हिला त्यांनीं शाळेंत घातलें. तें न रुचलेल्या आप्तांनीं तिला खाण्यांतून कांच चारली व ती बालवयांतच गेली, असें सांगतात. तिच्या स्मरणार्थ डॉक्टरांनीं हा हौद बांधून सर्व जातींस खुला केला. आमची पुतणी त्याच वयाची. तिचा हात आईनें बराच वेळ सोडला नाहीं.

शिवाजी रस्त्यानें दक्षिणेस गेलें कीं दगडूशेठ गणपतीसमोर भिडेवाड्याची जागा लागते. १८४८ सालीं फुले दंपतीनें मुलींची शाळा काढली ती तात्यासाहेब भिडे यांच्या या वाड्यांत. वाडा मोडकळीस आला होता. राष्ट्रीय स्मारकासाठीं तो डिसेंबर २०२३ मध्यें पाडण्यांत आला. तुळशीबागेंतील रामाचें दर्शन घेऊन आणि मंडईंतून फळें घेऊन आम्ही गंज पेठेकडे वळलों.

येथें फुल्यांचा वाडा आहे. अंगणांत त्यांच्या अस्थींचें तुळशीवृंदावन आणि आवारांत हौद. हा हौद त्यांनीं १८६८ सालीं अस्पृश्यांस खुला केला. महाडचें चवदार तळें त्यानंतर एकोणसाठ वर्षांनीं, १९२७ मध्यें. कात्रजहून वाहत आलेल्या पाण्याला जात नव्हती. ती हौदाच्या कांठावर येऊन भेटे.

आत्याबाई हौदाशीं उभ्या होत्या. मग आमच्याकडे न पाहतांच म्हणाल्या, "आपल्या आडावर त्या बाया थाळ्याबाहेर उभ्या असत. मी दहा वर्षांची असेन. शिवूं नये म्हणून वरून ओतावयाचें. निम्में पाणी सांडे. वैशाखांत एकदां एक बाई तें सांडलेलें ओंजळीनें भरूं लागली, तेव्हां मी हंसलें होतें."

हें त्यांनीं घरांत आजवर कोणासही सांगितलें नव्हतें. अस्पृश्यता घटनेनें १९५० मध्येंच नाहींशी केली होती. आमच्या आडावरून ती पुढेंही कांहीं वर्षें हलली नव्हती. पेशव्यांच्या नळाचें कौतुक करीत आलेलों आम्ही तेथें निमूट उभे राहिलों.

ज्यांस हा फेरफटका करावयाचा असेल त्यांनीं सकाळीं लौकर, रहदारी वाढण्यापूर्वीं निघावें. सारी वाट सुमारें तीन किलोमीटरांची. थांबत गेल्यास अर्धा दिवस पुरतो. वृद्धांसाठीं मंडईपाशीं विसांवा ठेवावा. पाण्याचा तांब्या बरोबर घ्यावा. वाटाड्याची गरज नाहीं. घरांतील वडील माणूस मात्र बरोबर असावें, आणि तें बोलूं लागल्यास त्यास मध्येंच तोडूं नये.

डोंगरकड्यास परतल्यावर आत्याबाईंनीं मुलांस परसांत नेलें. आडावर आतां लोखंडी जाळी आहे. थाळ्याची शेवटची फरशी दाखवून त्या म्हणाल्या, "इथपर्यंत आपण. त्या बाया ह्याच्या पलीकडे." मुलें त्या फरशीच्या दोन्ही बाजूंस उभीं राहून पाहूं लागलीं.