रुमालातली मोडी आणि यंत्राची नजर

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी राजवटीच्या मोडी कागदांचे हजाराहून जास्त रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. व्यंकोजीराजांपासून इथे भोसल्यांची गादी होती. तिचा जमाखर्च, दानधर्म, वाड्यातली रोजची देवघेव, सगळं मोडीत. ते सरळ वाचू शकणारी माणसं आज फार थोडी. कृत्रिम बुद्धिमत्ता माणसाची जागा घेईल का, असं आपण विचारतो. इथे ती जागा आपणच कधीची रिकामी करून ठेवली आहे.

मोडी वाचणं कठीण का? आधी ओळभर शिरोरेघ आखायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता लिहीत जायचं, ही तिची रीत. शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळायचं नाही. 'दिन' आणि 'दीन' सारखेच दिसतात. 'दोनशेते' असं सलग आलं, तर 'दोन शेते' की 'दोनशे ते'? मागचापुढचा मजकूर पाहिल्याशिवाय उलगडा होत नाही.

यंत्रही तेच करू पाहतं. रुडकीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२५ साली 'मोडेट्रान्स' हा संच पुढे आणला: मोडी कागदांच्या २,०४३ प्रतिमा आणि प्रत्येकीचं देवनागरी लिप्यंतर. अशा जोड्या पाहत यंत्र अक्षरांची वळणं शिकतं आणि पुढे कोणतं अक्षर येण्याचा संभव जास्त, याचा अंदाज बांधतं. म्हणजे यंत्राच्या पाटीवर पहिली अक्षरं गिरवून दिली ती मोडी जाणणाऱ्या माणसांनीच.

तरी यंत्राला कमी लेखू नये. बुद्धिबळात १९९७ साली कास्पारोव्ह हरला, 'गो'च्या पटावर २०१६ साली ली सेडॉल. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मानवजात नष्ट होण्याचा धोका गांभीर्याने घ्या, असा इशारा देणाऱ्या २०२३ च्या निवेदनावर जेफ्री हिंटन यांची सही आहे, आणि आजच्या यंत्रांची पायाभरणी करणाऱ्यांत ते आहेत. मला तो इशारा मनापासून पटतो. मोडीतही वेगाच्या बाबतीत यंत्र आपल्यापुढे जाईल, आणि जावंच. रुमालांना वाळवी लागण्याआधी ते वाचले जायला हवेत.

पण तंजावरचा कागद पुण्याच्या कागदासारखा नसतो. कावेरीकाठी जमीन मोजायची ती वेलीत; एक वेली म्हणजे साडेसहा एकरांहून थोडी जास्त. धान्य मोजायचं ते कलमात. मराठवाड्यातल्या किंवा पुण्यातल्या दप्तरांवर शिकलेलं यंत्र 'दहा वेली' ही अक्षरं बिनचूक लावेल आणि मळ्यात काकडीचे दहा वेल उभे करील. 'शंभर कलम' दिसलं की त्याला लेखण्या किंवा आंब्याची कलमं आठवतील. ही चूक तंजावरच्या मराठी घरातल्या आजीच्या चटकन ध्यानात येईल, कारण तिच्या कानावर मराठी आणि तमिळ या दोन्ही भाषा लहानपणापासून आहेत. ती मात्र मोडी शिकलेली नाही. आणि ज्याला मोडी येते, त्याला बहुधा तमिळ येत नाही. इथल्या रुमालांतली पहिली शेकडो पानं या दोघांनी शेजारी बसून लावायची आहेत. यंत्राला शिकवायचं ते त्यानंतर.