बंगळूरचा ‘ळ’ आणि जर्मनीची तीन नावं

बंगळूरच्या चिकपेटेत मराठी गिऱ्हाईक कधी ‘बंगळूर’ म्हणतं, कधी ‘बंगलोर’. दुकानातला कन्नड माणूस म्हणतो ‘बेंगळूरु’. एकाच शहराची ही तीन रूपं नुसत्या उच्चाराच्या गमतीने झालेली नाहीत. नाव कुठल्या वाटेने आलं, हे त्या प्रत्येकात दिसतं.

नाव जुनं आहे. बेगूरच्या देवळातल्या नवव्या शतकाच्या अखेरच्या वीरगळावर ‘बेंगळूरु’ कोरलेलं आहे. यातला पहिला ‘ए’ कन्नडात ऱ्हस्व. मराठी वर्णमालेत ऱ्हस्व ‘ए’ नाही, इथे त्याचा ‘अ’ झाला. कन्नड शब्द बहुधा स्वरावर संपतो, मराठी तोंडात शेवटचा आखूड स्वर गळून पडतो. म्हणून ‘ऊरु’चं ‘ऊर’ झालं, आणि चिक्कपेटेचं चिकपेट. ‘ळ’ मात्र दोन्ही भाषांचा, तो तसाच राहिला. इंग्रजीत तो नाही, तिथे ‘ल’ आला. म्हणजे ‘बंगलोर’ इंग्रजीमार्फत आलेलं, ‘बंगळूर’ शेजारच्या कानाने ऐकलेलं. 1638च्या सुमारास हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. मराठी आणि कन्नडाचा इथला शेजार कंपनी सरकारच्या कितीतरी आधीचा आहे.

देशांच्या नावांतही हेच घडतं. फ्रेंच लोक जर्मनीला ‘आल्मान्य’ म्हणतात, कारण त्यांच्या लगत आलेमानी नावाच्या जर्मन टोळ्या राहत. शेजाऱ्याचं नाव साऱ्या देशाला चिकटलं. इंग्रजांनी लॅटिन ग्रंथांतलं ‘गेर्मानिया’ घेतलं. जर्मन स्वतः ‘डॉइचलांट’ म्हणतात.

मराठीने आज ‘जर्मनी’, ‘डेन्मार्क’ ही नावं इंग्रजीतून घेतली आहेत. पण रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात डच म्हणजे वलंदेज, फ्रेंच म्हणजे फरासीस आणि डेन्मार्कचे लोक डिंगमार. पोर्तुगीज भाषेत शब्दारंभीचा ‘ह’ उच्चारत नाहीत. म्हणून हॉलंडच्या माणसाचं नाव त्यांच्याकडून आपल्याकडे येताना ‘ह’ हरवून आलं आणि ‘वलंदेज’ झालं. किती नीट जुळतं हे!

कर्नाटकाने 1 नोव्हेंबर 2014 रोजी बारा शहरांची इंग्रजी नावं बदलून कन्नड उच्चाराजवळ नेली. मराठीतली बंगळूर, म्हैसूर, मंगळूर ही रूपं आधीपासूनच त्या उच्चाराच्या जवळ होती. ती बिनदिक्कत लिहावीत. ‘बंगलोर’ मात्र मराठीने आता सोडावं.