सातबाऱ्यावर नाव नसलेला शेतकरी

मृगाचा पाऊस पडण्यापूर्वीच खेड्यातील विकास सोसायटीच्या दारात वर्दळ सुरू होते. या वर्दळीत साठी ओलांडलेले बापच अधिक दिसतात. पेरणीपासून फवारणीपर्यंतचे कष्ट उपसणारा तिशीतला मुलगा बापाला मोटारसायकलवरून आणून सोडतो आणि बाहेर उभा राहतो. कर्जरोख्यावर सही किंवा अंगठा बापाचा, कारण सातबारा बापाचा. कष्ट मुलाचे आणि पत बापाची, अशी ही विभागणी आहे.

कृषिकर्जाच्या चर्चेत भर असतो तो व्याजदरावर. वस्तुतः तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्यास केंद्राच्या सवलतीमुळे ४ टक्क्यांनी पडते; महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेने तोही भार उतरतो. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या कर्जास तारणाची अट नाही. परंतु तारण लागत नसले, तरी सातबारा लागतोच! ज्याचे नाव त्या उताऱ्यावर नाही, त्याला शून्य टक्क्याचे काय कौतुक? तो खते-बियाण्यांच्या दुकानातून उधारीवर माल उचलतो आणि सुगीत त्याच दुकानदाराला, तो म्हणेल त्या भावाने, धान्य घालतो. या उधारीचे व्याज कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

१८७५ साली सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला, १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. तरीही शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम ३ टक्के असल्याचे गोरवाला समितीने १९५४ साली दाखवून दिले. पुढे १९६९ चे बँक राष्ट्रीयीकरण आणि १९८२ ची नाबार्डची स्थापना यांनी संस्थात्मक कर्जाचे क्षेत्र निश्चितच विस्तारले. परंतु जमीन ज्याच्या नावावर तोच शेतकरी, हे समीकरण या साऱ्या स्थित्यंतरांत अबाधित राहिले.

मग बापाने हयातीतच वाटणी करून द्यावी, असे सुचविणे सोपे आहे. महसूल संहितेच्या कलम ८५ मध्ये तशी सोयही आहे. पण १९७०-७१ मध्ये राज्यात सरासरी ४.२८ हेक्टर असलेले धारणक्षेत्र २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आले. पीककर्ज हेक्टरी दराने मिळते. एवढ्याशा तुकड्याचीही वाटणी केली, तर हाती येणारे कर्ज ठिबकलाही पुरावयाचे नाही. शिवाय जमीन नावावरून गेल्यावर म्हातारपणी आपल्याला विचारील कोण, ही बापाची धास्ती निराधार नाही. वाटणीचा विषय निघताच बहिणींच्या हक्कसोडपत्राचाही निघतो, हे वेगळेच. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क देणारा कायदा महाराष्ट्रात १९९४ पासून आहे. भावाची पत उभी करण्यासाठी तो बुडवावा काय?

बाप थकबाकीदार असला, तर मुलाची वाट पूर्णच बंद होते. इतर हक्कांच्या रकान्यातील बोजा जमिनीबरोबर पुढच्या पिढीकडे येतो. म्हणूनच मार्चअखेर चार दिवसांसाठी खासगी सावकाराकडून रक्कम उचलून कर्ज ‘नवे-जुने’ करण्याचा खटाटोप घरोघर चालतो. वसुलीचे आकडे त्यामुळे देखणे दिसतात.

किसान क्रेडिट कार्डाच्या नियमांत खंडकरी, तोंडी कुळे आणि बटाईदारही बसतात. त्यांच्या संयुक्त देयता गटांनाही कर्ज देता येते. परक्याची जमीन कसणारा जर पात्र ठरतो, तर बापाचीच जमीन कसणाऱ्या मुलाला किंवा सुनेला बापाच्या लेखी संमतीवर स्वतंत्र खाते देण्यास अडचण कोणती? कसणारा कोण, हे ठरविणे अवघड, हा आक्षेप पोकळ आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. बांधावर उभे राहून मोबाइलवर पिकाचे छायाचित्र काढतो तो बहुधा मुलगाच. नोंद होते ती बापाच्या खात्यावर. गाव नमुना बाराच्या जुन्या तक्त्यात जमीन करणाऱ्याच्या नावाचा एक स्वतंत्र रकाना असे. आता ही नोंद मोबाइलवरच होते, तेव्हा तो रकाना पुन्हा उघडण्यास तलाठ्याच्या दप्तराचीही वाट पाहावी लागणार नाही.