महागात पडलेली तहान

मेक्सिको देशाच्या दक्षिण टोकाला चियापास नावाचे राज्य आहे. डोंगराळ, भरपूर पावसाचे आणि तरीही त्या देशातल्या सर्वांत गरीब राज्यांपैकी एक. तिथल्या सान क्रिस्तोबाल या शहराच्या काही वस्त्यांत नळाला आठवड्यातून मोजकेच दिवस पाणी येते, आणि आलेले पाणी पिण्याजोगे असेलच असे नाही. त्याच शहरात कोका-कोला भरणारा कारखाना आहे. त्याला दररोज दहा लाख लिटरहून अधिक भूजल उपसण्याचा परवाना आहे. गल्लीतल्या दुकानात कोलाची बाटली मात्र कधीही मिळते, आणि ती बाटलीबंद पाण्याच्या जवळपास त्याच भावात. मग तहानलेला माणूस काय विकत घेईल?

आरोग्याच्या या पानावर आपण साखरेच्या पेयांबद्दल बोलणार आहोत. सुरुवात मेक्सिकोपासून करतो, कारण या पेयांनी एखाद्या समाजाचे काय होते, आणि समाजाने ठरवले तर काय करता येते, या दोन्ही गोष्टी तिथे स्पष्ट दिसतात.

चियापासमध्ये त्सोत्सिल हे मूळनिवासी माया लोक राहतात. त्यांच्या सान हुआन चामुला गावच्या चर्चमध्ये पूर्वी विधींसाठी उसाची दारू वापरत. आज तिथे मेणबत्त्यांच्या रांगांशेजारी कोलाच्या बाटल्या दिसतात. लग्न, पाहुणचार, भांडण मिटवणे, सगळीकडे बाटली. यात त्या लोकांना हसण्यासारखे काही नाही. आपल्याकडेही पाहुणा आला की मुलाला पैसे देऊन कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळतात आणि साधे पाणी पुढे करायला संकोच वाटतो. जाहिरातीने मानपान आणि बाटली यांची गाठ तिथेही बांधली, इथेही बांधली.

मेक्सिको हा जगात सर्वाधिक शीतपेये पिणाऱ्या देशांपैकी एक. तेथील व्हिसेंते फॉक्स हे राजकारणात येण्यापूर्वी कोका-कोलाच्या मेक्सिकोतील कारभाराचे प्रमुख होते आणि २००० ते २००६ या काळात ते देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. या धंद्याचे वजन किती, हे यावरून समजावे. पुढे २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये मधुमेह आणि लठ्ठपणामुळे मेक्सिको सरकारला साथरोगविषयक आणीबाणी जाहीर करावी लागली. एरवी संसर्गजन्य रोगांसाठी वापरायचा हा उपाय साखरेच्या आजारासाठी वापरावा लागला.

बाटलीत असते काय?

नेहमीच्या कोला पेयात १०० मिलिलिटरमागे साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे ३३० मिलिलिटरच्या एका डब्यात सुमारे ३५ ग्रॅम, चहाचे आठ-नऊ चमचे. ६०० मिलिलिटरच्या बाटलीत हा आकडा ६० ग्रॅमच्या पुढे जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी उष्मांक मिळावेत, आणि ५ टक्क्यांच्या आत राहिले तर अधिक चांगले. प्रौढ माणसासाठी याचा अर्थ जास्तीत जास्त ५० ग्रॅम, शक्यतो २५ ग्रॅम. एका डब्यातच २५ ग्रॅमची मर्यादा ओलांडली जाते. दिवसभराचा चहा आणि बिस्किटे अजून हिशेबात धरलेलीच नाहीत.

द्रवातली साखर वेगळी का, असे कुणी विचारील. भाकरी चावून खाल्ली की पोट भरल्याची जाणीव होते. बाटलीतून तेवढेच उष्मांक पोटात गेले तरी भूक तशीच राहते, आणि वरून नेहमीचे जेवण होतेच. ही साखर झपाट्याने रक्तात उतरते, तिला आवर घालायला शरीराला भरपूर इन्सुलिन सोडावे लागते. साखरेतल्या फ्रुक्टोजचा बराचसा भार यकृतावर पडतो. जास्तीच्या फ्रुक्टोजपासून यकृत चरबी तयार करते. दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या माणसाच्या यकृतावर चरबी साठते, त्यामागे हेही एक कारण असते. अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१० साली घेतला गेला. रोज एक-दोन वेळा अशी पेये पिणाऱ्यांमध्ये, ती क्वचित पिणाऱ्यांच्या तुलनेत, मधुमेहाचा धोका सुमारे २६ टक्क्यांनी अधिक आढळला.

दातांचे नुकसान दुहेरी आहे. साखरेवर तोंडातले जंतू पोसले जातात आणि पेयातले आम्ल दातांवरचे कवच झिजवते. म्हणून ‘डाएट’ किंवा ‘शून्य साखर’ लिहिलेली बाटलीही दातांसाठी निर्धोक नाही. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा कृत्रिम गोडीवर विसंबू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिला आहे.

एक गोष्ट आयाबहिणींनी पक्की लक्षात ठेवावी. मुलाला जुलाब लागले असताना ‘अंगात ताकद यावी’ म्हणून शीतपेय देऊ नये. जास्त साखरेने जुलाब वाढतात आणि पाणी आणखी कमी होते. सरकारी दवाखान्यात मिळणारी ओआरएसची पुडी, तीही पुडीवर लिहिलेल्या मापाने पाण्यात कालवून, हाच योग्य उपाय.

सवयीला कायद्याचा आधार

‘पिऊ नका’ एवढे सांगून मेक्सिको थांबला नाही. १ जानेवारी २०१४ पासून साखरेच्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसला. पहिल्या वर्षी या पेयांची खरेदी सुमारे ६ टक्क्यांनी घटली, दुसऱ्या वर्षी जवळपास १० टक्क्यांनी, आणि गरीब कुटुंबांत घट सर्वांत जास्त होती. २०२० मध्ये जादा साखरेच्या वेष्टनांवर काळे अष्टकोनी इशारे छापणे सक्तीचे झाले. चियापासला लागून असलेल्या ओआखाका राज्याने त्याच वर्षी मुलांना अशी पेये विकण्यास बंदी केली. २०२५ च्या मार्चपासून देशभरातल्या शाळांतून ती हद्दपार झाली.

ब्रिटनने २०१८ साली आणखी वेगळी वाट धरली. जितकी साखर जास्त, तितका कर जास्त. कर चुकवण्यासाठी अनेक कंपन्यांनी पेयातली साखरच कमी केली. भारतात या पेयांवर ४० टक्के कर आहे, पण तो साखर मोजून लावलेला नाही. दहा ग्रॅमच्या पेयाला जो कर, तोच शून्य साखरेच्या पेयाला. त्यामुळे साखर कमी करण्याचे कंपनीला कारणच उरत नाही.

पाण्याचा प्रश्नही आपल्याला परका नाही. केरळातल्या प्लाचिमाडा गावी २००० साली कोलाचा कारखाना आला, विहिरींचे पाणी आटले आणि बिघडले, म्हणून मयिलम्मा या आदिवासी स्त्रीच्या पुढाकाराने लोक उभे राहिले. २००४ साली कारखाना बंद पडला.

मग आपण काय करायचे?

शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा साखर, मीठ व चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. आपल्या मुलांच्या शाळेबाहेर तो पाळला जातो का, हे पालकसभेत विचारावे. त्याच सभेत शाळेत पिण्याचे स्वच्छ पाणी आहे का, हेही विचारावे. पाणी नसेल तिथे मूल बाटलीच मागणार.

घरात मोठी बाटली आणून ठेवू नये. समोर दिसली की ती संपते. पाहुण्याला ताक, बेताच्या साखरेचे लिंबूपाणी किंवा कोकमाचे सरबत द्यावे. लग्नकार्यात आणि जयंतीच्या उन्हातल्या मिरवणुकीत मंडळांनी शीतपेयाच्या खोक्यांऐवजी थंड पाण्याचे माठ आणि ताकाची पिंपे ठेवावीत. खर्चही वाचेल. रोज पिण्याची सवय असेल तर आधी दिवसाआड, मग आठवड्याला एक, असे उतरत जावे. आणि चाळिशी ओलांडलेल्यांनी, किंवा घरात कुणाला मधुमेह असेल त्यांनी, वर्षातून एकदा रक्तातली साखर तपासून घ्यावी.

तहान पाण्याने भागते. ते स्वच्छ पाणी प्रत्येक वस्तीत, प्रत्येक शाळेत मिळावे, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.