मातीने जपलेली साक्ष

विज्ञानाच्या वर्गात नामशेष झालेल्या प्राण्यांचा पाठ निघाला की एखादा विद्यार्थी हमखास उभा राहतो आणि विचारतो, "सर, आज हयात असलेल्या कोणीच हे प्राणी पाहिलेले नाहीत. मग ते असे होते आणि इतके होते, हे कशावरून?" हा प्रश्न ऐकून आम्हांला नेहमीच समाधान वाटते. 'कशावरून?' असे विचारणे ही ज्ञानाची पहिली पायरी होय. पूर्वी या प्रश्नाचे उत्तर हाडे, दात आणि खडकांतील ठसे यांच्या आधारे दिले जाई. गेल्या चाळीस वर्षांत त्याला एक नवी जोड मिळाली आहे. ती म्हणजे प्राचीन डीएनए. विद्यालयाच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे हा विषय थोडक्यात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचा अतिसूक्ष्म धागा असतो. ए, टी, जी आणि सी या चार रासायनिक अक्षरांनी त्यावर त्या जीवाची सारी घडण लिहिलेली असते. जीव मेला की हा धागा तुटू लागतो. पाणी, उष्णता आणि जिवाणू त्याचे तुकडे करतात. न्यूझीलंडमधील मोआ या नामशेष पक्ष्याची १५८ हाडे तपासून २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी असा अंदाज बांधला की, तेथील हवामानात हाडातील डीएनएचा विशिष्ट लांबीचा अंश निम्मा होण्यास सुमारे ५२१ वर्षे लागतात. थंडी जितकी अधिक, तितकी ही झीज मंद. म्हणूनच या शास्त्रातील बहुतेक मोठे शोध बर्फाळ प्रदेशांतून आलेले दिसतात.

या शास्त्राचा आरंभ मात्र एका वाळलेल्या कातड्यापासून झाला. दक्षिण आफ्रिकेत क्वागा नावाचा, अंगाच्या पुढच्या भागावरच पट्टे असलेला प्राणी होता. शिकारीमुळे तो संपला. शेवटचा क्वागा १८८३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मरण पावला. पुढे १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात रसेल हिगुची, अ‍ॅलन विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संग्रहालयात जपलेल्या क्वागाच्या कातड्याला चिकटलेल्या सुक्या मांसातून डीएनएचे दोन छोटे तुकडे वाचले. क्वागा हा झेब्र्याचा अगदी जवळचा आप्त आहे, हे त्यातून दिसले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मेलेला जीव आपल्या कुळाची साक्ष देऊ शकतो, हे प्रथमच सिद्ध झाले.

साक्ष मिळाली म्हणजे ती खरीच असते असे नाही. १९९४ मध्ये सुमारे आठ कोटी वर्षांपूर्वीच्या हाडातून डायनासोरचा डीएनए मिळाल्याचा दावा मोठ्या गाजावाजाने झाला. इतर शास्त्रज्ञांनी तो तपासला, तेव्हा तो डीएनए माणसाचा निघाला. हात लावणाऱ्यांच्या घामातून, श्वासातून वा त्वचेतून तो नमुन्यात मिसळला होता. ही चूक या शास्त्राला फार मोठा धडा देऊन गेली. आता अशा प्रयोगशाळांत संशोधक डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले असतात. प्रत्येक नमुन्याबरोबर एक रिकामी नळीही त्याच प्रक्रियेतून नेली जाते. तिच्यात डीएनए आढळला, तर कोठेतरी भेसळ झाली हे उघड होते. याशिवाय काळ स्वतःच एक खूण ठेवून जातो. जुन्या डीएनएच्या तुकड्यांच्या टोकांशी 'सी' हे अक्षर झिजते आणि वाचताना त्या जागी 'टी' दिसते. ही झीज आढळली नाही, तर नमुना नवा असल्याचा संशय घेतला जातो. जुन्या नाण्यावरची झीज पाहून पारखी जसा निवाडा करतो, तसाच हा प्रकार.

पुढचे पाऊल अधिक आश्चर्यकारक होते. प्राण्याचे हाड मिळाले नाही तरी त्याचा डीएनए मातीत सापडू शकतो, हे लक्षात आले. प्राणी मलमूत्र टाकतात, केस गाळतात; झाडे पाने आणि मुळे मागे ठेवतात. त्यातील डीएनए चिकणमातीच्या आणि वाळूच्या कणांना घट्ट चिकटतो आणि तेथे दीर्घकाळ सुरक्षित राहतो. ग्रीनलंडच्या अगदी उत्तर टोकाला काप कोबेनहाव्न नावाचा गाळाचा थर आहे. आज तो प्रदेश म्हणजे गोठलेले वाळवंट. एस्के विलरस्लेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील गाळाचे ४१ नमुने तपासले आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे वीस लाख वर्षांपूर्वी तेथे पॉप्लर आणि बर्च वृक्षांचे वन होते. रेनडिअर, ससे, उंदरांच्या कुळातील प्राणी आणि हंसवर्गीय पक्षी तेथे नांदत होते. हत्तीचा दूरचा आप्त असलेला मॅस्टोडॉनही तेथे होता. तो इतक्या उत्तरेस पोहोचला असेल अशी कोणाची कल्पनाही नव्हती. त्या काळी तेथील सरासरी तापमान आजच्यापेक्षा ११ ते १९ अंश सेल्सिअसने अधिक असावे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. असे मिश्र वन आज पृथ्वीवर कोठेच आढळत नाही.

कोणते प्राणी होते, एवढ्यावर हे शास्त्र थांबत नाही. ते किती होते, हेही त्यातून उमगते. एखाद्या जातीतील प्राण्यांच्या डीएनएमध्ये आपसांत जितका फरक, तितके तिचे जनुकीय वैविध्य. कळप मोठा असेल तर हे वैविध्य टिकते. कळप आक्रसला की पिढ्यानपिढ्या नात्यातच जोड्या जमतात आणि वैविध्य घटते. त्यावरून प्राचीन कळपाच्या आकाराचे गणित मांडता येते.

या गणिताने सांगितलेली सर्वांत हृद्य कथा रँगेल बेटाची आहे. सैबेरियाच्या उत्तरेस असलेले हे बेट सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी वाढल्याने मुख्य भूमीपासून तुटले. त्यावर काही मॅमथ अडकले. इतरत्र त्यांची जात संपत गेली. या बेटावर मात्र ते आजपासून सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपर्यंत जगत होते. सिंधू खोऱ्यात मोहेंजोदडोसारखी नगरे गजबजलेली असताना पृथ्वीच्या एका कोपऱ्यात मॅमथ चरत होते! स्टॉकहोम येथील लव्ह दालेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ मॅमथांचे जनुकसंच तपासून २०२४ मध्ये सांगितले की, या बेटावरील कळप एका वेळी जास्तीत जास्त आठ प्राण्यांवर आला होता. पुढच्या वीस पिढ्यांत तो दोनशे ते तीनशेपर्यंत वाढला आणि सुमारे सहा हजार वर्षे टिकला. संख्या सावरली, परंतु गमावलेले वैविध्य परत आले नाही. फार घातक दोष हळूहळू गाळले गेले, तरी मध्यम स्वरूपाचे दोष साचतच राहिले. अखेरीस ही जात अल्पावधीत नाहीशी झाली. तिचा ऱ्हास हळूहळू झाल्याची खूण डीएनएमध्ये नाही. रोगराई असेल, हवामानातील आकस्मिक बदल असेल. नेमके कारण अद्याप उलगडलेले नाही.

मोआ पक्ष्याची हकिकत याहून वेगळी आणि माणसाला अंतर्मुख करणारी आहे. हाडांच्या आकारावरून महाकाय मोआच्या अनेक जाती मानल्या जात. २००३ मध्ये डीएनएने दाखविले की मोठी हाडे मादीची आणि लहान हाडे नराची होती. मादी नराच्या सुमारे दीडपट उंच आणि वजनाने पावणेतीनपट असे. पुढील अभ्यासात दिसून आले की, माणसाच्या आगमनापूर्वी मोआंची संख्या स्थिर होती. ऱ्हासाची कोणतीही खूण नव्हती. तेराव्या शतकाच्या सुमारास माणूस तेथे पोहोचला आणि त्यानंतर एक-दोन शतकांतच मोआ संपले. दुबळी होत चाललेली जात आपोआप संपली, अशी सबब येथे चालत नाही.

आपल्या देशातील उष्ण, दमट हवामान डीएनएला मानवत नाही. हरियाणातील राखीगढी येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. तेथील सांगाड्यांचे साठाहून अधिक नमुने तपासल्यावर एकाच व्यक्तीचा पुरेसा डीएनए हाती लागला आणि २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. मानवी सांगाड्यांची ही गत, तर आपल्या प्राचीन वन्यजीवांची साक्ष मिळविणे किती कठीण, याची कल्पना यावी.

तरीही रँगेल बेटाचा बोध आपल्या दारापर्यंत येतो. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य आहे. ज्यांच्या आजोबांनी गुरे राखताना माळावर माळढोक पाहिले, त्यांच्या नातवंडांना आज तो चित्रातच पाहावा लागतो. देशभरात मिळून हे पक्षी आता दीडशेच्या आसपास उरले असावेत, असे मानले जाते. संख्या वाढविण्याचे प्रयत्न चालू आहेत आणि ते व्हायलाच हवेत. मात्र एखादी जात मूठभर उरल्यावर तिला वाचविणे आणि ती विपुल असतानाच जपणे, या दोहोंत किती अंतर आहे, हे मॅमथच्या हाडांनी आपल्याला दाखवून दिले आहे.

'कशावरून?' असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही आता एवढेच सांगतो : मातीवरून, हाडांवरून आणि ती साक्ष पुनःपुन्हा तपासून घेणाऱ्या माणसांच्या सचोटीवरून. आपल्या काळातील साक्षही माती जपून ठेवीतच आहे. पुढे कोणी ती वाचील, तेव्हा तिच्यात माळढोकाचे नाव कोणत्या थरापर्यंत आढळेल, हे ठरविणे अजून आपल्या हाती आहे.